होल्डवर गेलेला खंड्या

माझ्या मामाच्या फोनमध्ये पक्ष्यांचे चारशे फोटो आहेत आणि चारशेच्या चारशे फोटोंत मामा आहे. पुढं मामाचं तोंड, छातीशी धरलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि जागा, आणि मागं कुठंतरी पक्षी. कधी कानाच्या वर, कधी काखेखाली. कधी नुसतं शेपूट.

हसायचं तर हसा, पण आधी कारण ऐका.

मामाचं नाव दौलत मुकणे. भिवंडीजवळ शेलार गाव आहे, त्याच्या पलीकडं आमचा पाडा, तिथला. तिकडंच पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये अकरा वर्षं डॅमेज चेकर. ट्रकमधनं खोकं फुटकं उतरलं की मामाला हाक मारतात आणि मामा फोटो काढून घेतो. त्या फोटोत तीन गोष्टी लागतात. फुटलेला माल, गाडी नंबर आणि तारखेची चिठ्ठी, आणि चेकरचं तोंड. मामा नवीन होता तेव्हा त्याने नुसत्या फुटक्या मिक्सरचा फोटो काढला, तर सुपरवायझर भूपेश म्हणला, "इसमें आदमी कहाँ है? ये मिक्सर तो कहीं का भी हो सकता है." मिक्सर मामानेच पाडला असं ठरलं. त्या दिवसापासून मामाने तोंडाशिवाय आणि चिठ्ठीशिवाय फोटो काढलेला नाही. माझ्या मावसबहिणीला मुलगी झाली तेव्हापण मामा पाळण्यामागं चिठ्ठी धरून उभा राहिला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बाळ, नग एक, तुटफूट नाही.'

मी मनिषा. त्याच गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. नववीत शाळा सोडली. कारण विचारू नका, बाईंनीपण विचारलं नव्हतं. मला कामाला मामाने लावलं. भूपेश पहिल्या आठवड्यात माझ्यावर ओरडला तेव्हा मामा मधे उभा राहिला, भूपेश जाईपर्यंत हलला नाही. म्हणून मामाला कोणी काय बोललं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते.

पक्ष्यांचं वेड मामाला पाड्यावरनंच. लहानपणी गलोल घेऊन फिरायचा. आता म्हणतो, "मारत न्हाय, चेक करतो." आवाज ऐकून पक्षी सांगतो, आणि चुकत नाही.

तर केदार सर म्हणून आहेत. भिवंडीत शाळेत शिकवतात आणि पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप चालवतात. ते आपल्या भागातल्या पक्ष्यांचं पुस्तक काढत होते. कुठला पक्षी, कुठं दिसला, कोणी पाहिला, नावासकट. मामाने एकोणीस पक्षी दिले. अठरा घेतले. एकोणिसावा काळ्या टोपीचा खंड्या. साधा खंड्या सगळ्यांना माहीत आहे, हा वेगळा. डोक्यावर काळी टोपी, पाठ निळीजांभळी, पोट तांबूस, चोच लालभडक. कशेळीच्या पुलाच्या पुढं खाडीत एक तिवराचं बेट आहे, तिथं मामाने पाहिला होता. फोटोपण होता. फोटोत मामाचा कान होता आणि कानामागं काहीतरी निळं.

"दौलतराव, हे निळं पिंपपण असू शकतं," सर म्हणाले.

"पिंप उडत न्हाय, सर."

"फोटोत तेही उडत नाहीये ना."

पुस्तकाची कच्ची प्रत आली. मामाने कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवायला आणली. शेवटच्या पानावर वर लिहिलेलं, 'खात्री न झालेल्या नोंदी'. खाली एकच पक्षी, एकच नाव. आख्ख्या पानावर एकटा मामा.

आता सरांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की अजून बघायचं आहे. पण गोडाऊनमध्ये ज्या मालाची खात्री नाही तो जाळीत टाकतात, बाहेर पाटी असते होल्ड, आणि ज्याच्या नावावर माल होल्डला जातो त्याच्याकडं सगळे चोरासारखं बघतात. कँटीनमधनं उठेपर्यंत मामाचं नाव होल्डमामा पडलं. फोर्कलिफ्टवाला पोरगा हॉर्न वाजवून ओरडायला लागला, "होल्डमामा, साईड." मी त्याच्या डब्यात पॅकिंगचे थर्माकोलचे दाणे मिसळले, भात समजून दोन घास खाल्ले त्याने. पण मामा जेवायला बसेना. भिंतीकडं तोंड करून उभ्याने खायचा.

मी सरांच्या शाळेवर गेले. म्हणलं, "माझा मामा खोटं बोलत न्हाय."

"मी कुठं म्हटलं खोटं बोलतात?"

"पुस्तकात म्हणलंय तुम्ही. छापून."

सर बिचारे वाईट माणूस नाहीत. म्हणाले, पुस्तक सोमवारी छापायला जातंय, रविवारी आपण तिघं बेटावर जाऊ, दिसला तर मी स्वतः फोटो काढतो. ठाण्याच्या यामिनी मॅडम यादी तपासतात, त्यांनी हो म्हटलं की नोंद पक्की.

रविवारी उजाडायला कशेळीला पोचलो. होडी रंगूबाईची. ती बेटाच्या कडेला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते. वय विचारलं तर म्हणते, पूल माझ्यासमोर झाला.

सरांनी अंगभर पानं छापलेले कपडे घातले होते, टोपीपण पानांची. मामाने गोडाऊनचं रेडियमचं जॅकेट घातलं होतं आणि डोक्यात हेल्मेट.

"दौलतराव, हे काय? मैलावरून दिसाल."

"अनोळखी साईटवर जॅकेट कंपल्सरी हाय, सर."

रंगूबाई दोघांकडं बघत राहिली. मग म्हणली, "यो दिसत न्हाय अन् यो डोल्यांत घुसतो. पोरी, तू तरी माणसावानी आलीस."

सरांच्या कॅमेऱ्याची लेन्स दुधाच्या कॅनएवढी. सर घाबरत होते, होडीत पाणी लागलं तर काय. मी म्हणलं द्या इकडं. बबल रॅप आणलाच होता. चार थर बबल, वरून प्लास्टिक, वरून टेप. पॅकिंगमध्ये माझा हात कोणी धरत नाही. सर म्हणाले वा, किती छान.

बेट म्हणजे नुसता चिखल आणि तिवरं. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. भरतीच्या पाण्यावर आम्ही आत शिरलो होतो, आणि रंगूबाईने आधीच सांगितलं, "पानी उतराच्या आत निंगाचा. न्हाय तर होडी चिखलात बसल, मंग रातपर्यंत चिंबोऱ्यांशी बोलत बसा."

उतरून पाच मिनिटं झाली नाहीत तर मामाने हात वर केला. "ऐका." मला काहीच ऐकू आलं नाही, पुलावरचे कंटेनर सोडून. पण मामाने बोट दाखवलं तिथं, पाण्यात रोवलेल्या जाळ्याच्या खुंटावर, तो बसला होता. काळी टोपी, लाल चोच. टोपी घालून ड्युटीला आलेल्या वॉचमनसारखा सरळ.

सर कुजबुजले, "कॅमेरा."

मी कॅमेरा दिला. म्हणजे पार्सल दिलं.

सरांनी टेपचं टोक शोधलं. माझ्या पॅकिंगला टोक सापडत नाही, तीच तर खासियत आहे. सरांनी नखं लावली, मग दात लावले. बबल फट फट फट फुटायला लागले. खंड्याने मान वळवून आमच्याकडं बघितलं. सर गुडघा टेकवून जोर लावायला गेले आणि गुडघा बबलवर. फटाक्यांची माळ लागली. खंड्या गेला.

"कटर?" सर म्हणाले. तोंडात टेप होती.

"कटर नेला तर गोडाऊनच्या गेटवर काढून घेतात," मी म्हणलं. "सवय हाय. घरी ठेवला."

रंगूबाईने होडीतनं कोयता दिला.

मग बसलो. तास गेला, दीड गेला. सरांनी मामाला समजावलं, "पुन्हा आला तर तुम्ही हलू नका, मी काढतो फोटो."

"काढा की. पण मनिषा माझापन काढल. चिठ्ठीसंगं."

"अहो कशाला? पांढरा कागद दिसला की उडेल तो. आणि तुमचं तोंड कशाला हवंय? फोटो पक्ष्याचा आहे."

"मंग कसं कलणार कुठला हाय?"

"फोटोवरून कळतं."

"मिक्सरवरनं कल्ला नव्हता," मामा म्हणला.

सरांना मिक्सरचं माहीत नव्हतं, ते लेन्स पुसायला लागले. मामाने हातातली चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणला, "कागद पांढरा हाय, ते बराबर हाय तुमचा." त्याने भाकरी आणलेल्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, चिखलाच्याच रंगाचा, आणि त्याच्यावर मार्करने लिहिलं. तारीख, वेळ, कशेळी बेट, खंड्या काळी टोपी, नग एक. जॅकेटपण काढून बुडाखाली घेतलं. मामा साईटवर जॅकेट काढतो हे मी पहिल्यांदा बघितलं. तेव्हा मला कळलं मामाला हे किती पायजे आहे ते.

पाणी उतरायला लागलं. रंगूबाई वल्ह्याने होडी ठोकायला लागली. "चला."

"पाच मिनिटं, आजी," मी म्हणलं.

"पान्याला सांग पाच मिन्टं."

पाणी उतरलं तसा चिखल उघडा पडला, चिखलात खेकडे निघाले, आणि खेकड्यांसाठी तो परत आला. त्याच खुंटावर. सर हळूच पालथे पडले, पोटावर, चिखलात, आणि लेन्स पुढं धरली. मामा उठला, खुंटाकडं पाठ केली, पुठ्ठा छातीशी धरला आणि माझ्याकडं तोंड करून सरळ उभा राहिला. खंड्या मागं, मामा पुढं. मामाचे डोळे माझ्यावर. ओठ न हलवता म्हणला, "हाय का?"

"हाय."

"टोपी दिसती?"

"दिसती. डावीकडं सरक. कान आडवा येतोय."

मामा सरकला, चिखलात एक पाय गेला, तो वाकडा झाला, पण पुठ्ठा सरळ ठेवला. मी दाबलं. सरांचा कॅमेरापण खटखटखट वाजला. खंड्याने खेकडा उचलला आणि उडाला.

"मिळाला," सर म्हणाले. उठता येत नव्हतं, मी आणि मामाने काखेत हात घालून उपसले. छापलेली पानं सगळी चिखलात गेली होती.

होडी चिखल घासतच सुटली. सरांनी कॅमेऱ्यातला फोटो मोबाईलवर घेतला आणि आम्हाला दाखवला. खरं सांगते, असा फोटो मी बघितला नव्हता. एक एक पीस मोजता येईल असा. मागं नुसतं हिरवं, लोण्यासारखं. सरांनी लगेच यामिनी मॅडमना पाठवला. मामा वल्ह्याजवळ बसला, गुडघ्यावर हात, पास-नापास ऐकायला बसल्यासारखा.

मॅडमचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.

"केदार, अप्रतिम फोटो. कुठला हा?"

"कशेळीचा. आत्ताचा, अर्ध्या तासापूर्वीचा."

"आत्ताचा? फोटोवर तारीख नऊ वर्षांपूर्वीची आहे."

सरांनी कॅमेरा उलटा करून बघितला. "बॅटरी काढली होती. तारीख मागं गेली, लावायची राहिली."

"आणि मागचं काहीच दिसत नाही. हा कोकणातला असेल, केरळातला असेल. तू मागं केरळला गेला होतास ना?"

"मॅडम, मी खोटं बोलेन का?"

"तसं कोण म्हणतंय? पण मी सगळ्यांना एकच नियम लावते. खात्री न झालेल्या नोंदींत ठेवू या सध्या."

सरांचं तोंड बघवत नव्हतं. चिखलाने भरलेला माणूस आणि त्याच्यावर संशय. मामा हळूच म्हणला, "सर होल्डला गेले."

मला खरं तर हसायला येत होतं. मनात आलं, बरं झालं, आता कळलं कसं वाटतं. पण मामाने माझ्याकडं बघितलं आणि म्हणला, "पाठव."

"काय?"

"आपला. सरांकडं बघवत न्हाय."

मी सरांच्या फोनवर पाठवला, सरांनी पुढं मॅडमना. पलीकडं मॅडमनी तो उघडला.

"हे पुठ्ठा घेतलेले गृहस्थ कोण?"

"मी, दौलत मुकणे, शेलार," मामा फोनमध्ये वाकून म्हणला.

"तारीख आजची. वेळ आहे. खुंटावर तोच पक्षी, तीच चोच. मागे कशेळीचा पूल, पुलावर कंटेनर." मग विचारलं, "आणि हे चिखलात पालथं काय पडलंय? मगर आहे का?"

"ते सर हायत," मी म्हणलं. "मागनं."

पहिल्यांदा मॅडम हसल्या. मग रंगूबाई हसली, वल्हं सोडून. सर हसले सगळ्यात शेवटी.

"केदार, म्हणजे तू खरंच तिथे होतास. दोघांच्या नोंदी पक्क्या. आधी कोणी पाहिला?"

सर लगेच म्हणाले, "दौलतरावांनी. गेल्या हिवाळ्यात. माझी नोंद घेऊच नका." हे मात्र मानलं मी त्यांना.

मामाने भाकरी काढली आणि बसून खाल्ली. चिखलाच्या हाताने, तीन.

एक अडचण राहिली. शेवटचं पान आता रिकामं झालं आणि छापखान्यात पानांची संख्या देऊन झाली होती. मॅडम म्हणाल्या, तिथे तो पुठ्ठ्याचाच फोटो टाका, आख्खा पानभर. सरांनी मामाच्या विनवण्या केल्या, "दौलतराव, निदान माझ्या बाजूने थोडा कापू या. शाळेतली पोरं बघतील."

"कापलेला फोटो बाद असतो, सर," मामा म्हणला. "भूपेशला विचारा."

पुस्तक आलं. फोर्कलिफ्टवाल्या पोराला मी ते पान त्याच्या नाकाशी धरून दाखवलं. आता तो मामाला खंड्यामामा म्हणतो, आणि मामा हॉर्न ऐकून मुद्दाम सावकाश बाजूला होतो.

एक प्रत रंगूबाईला नेऊन दिली. तिने चिंबोऱ्यांची टोपली खाली ठेवली, हात पुसले, पान लांब धरून बघितलं. मामा बघितला, खंड्या बघितला, सरांना बराच वेळ बघितलं.

"माझी होडी कुठं हाय?"

"होडी माझ्या पाठीमागं होती, आजी. फोटोत कशी दिसल?"

"मंग मीच नेला तुमाला, याला पुरावा काय?"

मी मामाकडं बघितलं. मामाने पुस्तक परत हातात घेतलं, पान उलटंपालटं केलं, आणि खिशातला मार्कर चाचपत म्हणला, "मावशे, आसंच उभी ऱ्हा. पुठ्ठा आनतो."