साड्यांची घासाघीस आणि मंडपाचा मोठेपणा

माझ्या थोरल्या जाऊबाई दुकानात कधी आवाज चढवत नाहीत. भाव पटला नाही की शांतपणे उठतात, पायात चप्पल घालतात आणि चालू लागतात. बरोबर आलेल्या माणसानं, म्हणजे बहुतेक वेळा मी, हातातला चहा अर्धा टाकून त्यांच्या मागं निघायचं. दुकानदारानं हाक मारली की परत यायचं, चप्पल काढायची आणि पुन्हा बसायचं. एकाच खरेदीत हे कितीही वेळा होऊ शकतं.

मी इंदापुरात राहते. लोणी देवकरच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. वस्तूवर किंमत छापलेली असली की मला बरं वाटतं. परवडली तर घ्यावी, नाहीतर ठेवून द्यावी. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. अक्कांना माझं हे वागणं म्हणजे शुद्ध आळस वाटतो. "छापणारा बी माणूसच हाय की," असं म्हणून त्या छापील किमतीचा विषय संपवतात.

पुतणीचं, म्हणजे अक्कांच्या लेकीचं लग्न ठरलं आणि बस्ता बारामतीला बांधायचं ठरलं. थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, यायला साफ नकार दिला. "बायकांचं काम हाय. दिवस खाता तुमी." आमचे हेही त्यांच्या सुरात सूर मिसळून घरीच राहिले. अक्का, पुतणी, आमची नणंद आणि मी अशा चौघी अक्कांच्या गावाहून, डाळजवरून सकाळी निघालो.

दुकानात शिरल्याशिरल्या समोर पाटी होती : 'एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.' मला हायसं वाटलं. अक्कांनी ती पाटी मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कृपया म्हणलंय. म्हंजी विनंती हाय, नियम न्हाय."

नवरीचा शालू तासाभरात झाला. त्यात अक्कांनी फार ताणलं नाही. लेकीला जो आवडला तो घेतला, मालकाकडून जमेल तेवढं सोडवून घेतलं. खरी लढाई आहेराच्या साड्यांवर झाली. कुणीही न नेसणाऱ्या, या लग्नातून त्या लग्नात फिरणाऱ्या साड्या. त्यासुद्धा अक्का एकेक उलगडून आतून हात घालून बघत होत्या.

"ह्यातनं माझ्या बांगड्या मोजता येत्यात," त्यांनी मालकांना हात दाखवला.

"मावशी, आहेराला अशाच जातात."

"मग भाव बी आहेराचाच सांगा. नेसायचा कशाला सांगताय?"

पहिल्यांदा चप्पल घातली गेली ती तेव्हा. मी मागोमाग गेले. नणंद गादीवरच पाय पसरून बसली होती, ती हललीसुद्धा नाही. तिला अनुभव होता. मालकांनी हाक मारली, आम्ही परत आलो. मग टॉवेल-टोप्यांवरून पुन्हा बाहेर. पुन्हा आत. दुपारी दुकानाकडून भजी आली, ती खाऊन अक्कांनी भज्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि भाव तिथंच धरून ठेवला.

मालक शेवटी हात जोडून म्हणाले, "मावशी, मला बी घरी बायकोला तोंड दाखवायचंय."

"मग ह्या भावात द्या आन् लवकर दुकान बंद करून जावा की."

सौदा झाला. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच अक्कांनी शालूचा फॉल-पिको फुकट मागितला. तो मिळाल्यावर चांगल्या कापडी पिशव्या मागितल्या. माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मी म्हटलं, "अक्का, जाऊ द्या ना आता!"

"जाऊ दे, जाऊ दे म्हणतच समदं जातंय, बाई," त्या म्हणाल्या आणि पिशव्यांचे बंद ओढून बघू लागल्या.

परतीच्या वाटेवर मी खिडकीकडं तोंड करून बसले. एवढं करून वाचले किती? आणि त्यापायी आख्खा दिवस गेला, पाय सुजले, त्या मालकाच्या नजरेत आपण काय राहिलो? अक्का मात्र पिशव्या मांडीवर घेऊन गाढ झोपल्या होत्या.

डाळजला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अंगणात खुर्च्या टाकून भाऊजी, आमचे हे आणि मंडपवाला बसले होते. आम्ही गाडीतून उतरतो तोवर मंडपवाला उठला, दोघांना वाकून नमस्कार करून मोटारसायकलवर निघूनही गेला. त्याच्या शर्टाचा खिसा फुगलेला होता.

"ठरला मंडप," भाऊजी खुशीत म्हणाले.

अक्कांनी विचारलं, "कितीला?"

"आगं कितीला काय, चांगला ठरला. समदं आलं त्यात."

आकडा मला आमच्या ह्यांनी हळूच कानात सांगितला. मी होते तिथंच साड्यांच्या गठ्ठ्यावर बसले. शालूपासून टोप्यांपर्यंत आमचा सगळा बस्ता त्या आकड्याच्या एका कोपऱ्यात मावला असता.

"त्यानं सांगितला किती होता?" मी विचारलं.

"तेवढाच की."

"म्हणजे तुम्ही काहीच कमी केलं नाही?"

"अगं, लग्नकार्यात असं बघत नसतात. माणूस काय म्हणेल? सगळ्या मोठ्या लोकांचे मंडप तोच करतो. चहा पिता पिता ठरलं." हे वर अभिमानानं म्हणाले, "तुमच्यासारखा दिवस नाही घालवला."

दिवसभर अक्कांवर साठलेला माझा संताप त्या एका वाक्यानं कूस बदलून ह्यांच्याकडं वळला. मी बरंच काही बोलले. मी बोलत होते आणि हे मोबाईलमध्ये मला त्या मंडपाचे फोटो दाखवत होते : फुलांची कमान, मोठा पडदा, वरून फिरणारा ड्रोन. अक्का मात्र पिशव्या आत घेऊन गेल्या आणि भाकरीला बसल्या.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा ऑफिसात फोन आला. "दुपारची सुट्टी काढ. भिगवणला जायचंय." कशाला, ते विचारायची गरज नव्हती.

मंडपवाल्याच्या गोदामात बांबू, पडदे आणि सोनेरी खुर्च्यांचा ढीग होता. आम्हाला बघून तो गोंधळला. बसायला त्याच सोनेरी खुर्च्या दिल्या. अक्कांनी विचारलं, "समदं आलं म्हंजी काय काय आलं, ते जरा सांगा."

"वहिनी, दादांशी झालंय की बोलणं. घरच्या माणसाला पाठवा, काय बदल असला तर."

"मग मी कोण हाय? पाव्हणी?"

तो हसला, पण सांगायला लागला. प्रत्येक गोष्टीला अक्कांचा प्रश्न तयार. मोठा पडदा कशाला? मागच्या लोकांना दिसावं म्हणून. "मागची माणसं जेवणाच्या मांडवात असत्यात. त्यास्नी कशाला दिसाया पाहिजे?" ड्रोन कशाला? वरून शूटिंग. "वरनं काय दिसणार? टकली आन् टोप्या." नवरीच्या पायाशी सोडायचा थंड धूर मात्र त्यांनी राहू दिला. लेकीनं तेवढं एकच मागितलं होतं.

मला वाटलं, झालं. पण नाही. त्या खुर्च्यांच्या कापडी खोळांवर आल्या. खोळीचं वेगळं भाडं का? खुर्चीला खोळ नसली तर खुर्ची उघडी पडते का? यावर अर्धा तास गेला. माझी सुट्टी संपत आली होती, गोदामात उकडत होतं आणि या बाई खोळ सोडायला तयार नव्हत्या. मी खाणाखुणा केल्या, त्यांनी बघितलं नाही. शेवटी त्या उठल्या, दाराशी काढलेली चप्पल घातली आणि निघाल्या. मी त्यांच्यामागून निघाले. मंडपवाल्यानं हाक मारली नाही. आम्ही पार रस्त्यापर्यंत आलो. आगाऊ दिलेले पैसे याच्याकडं, तारीख तोंडावर. अक्का रस्ता ओलांडायला गाड्या बघत उभ्या राहिल्या, जणू काही झालंच नाही.

मग मागून आवाज आला, "वहिनी, या. बसा. चहा सांगितलाय."

मंडप जवळजवळ निम्म्यावर आला. खोळी फुकट.

आम्ही घरी पोचायच्या आधी त्याचा फोन भाऊजींना पोचला होता. ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. "माझी गावात लाज घालवली! मी शब्द दिलेला माणूस. उद्या लोक म्हणतील, बायकोला पाठवून पैसं कमी केलं!"

अक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "तुमची लाज एवढी महागाची हाय, मला म्हायती नव्हतं."

"तुला कुणी जा म्हणलं हुतं?"

"मला साड्यांना जा म्हणलं हुतं तवा न्हाय लाज गेली? तितं दिवसभर बसलेली मी कुणाची बायकू हुते?"

भाऊजी गोठ्याकडं निघून गेले आणि लग्नापर्यंत अक्कांशी मोजकंच बोलले. आमचे हे मला म्हणाले, "तुला तरी कळायला हवं होतं. तू शिकलेली." यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

लग्न छान झालं. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात मंडप उभा राहिला. पडदा नाही, ड्रोन नाही, हे एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. पुतणी धुरातून चालत आली तेव्हा अक्का रडल्या आणि मीही रडले. आणि अक्षता पडताक्षणी मागच्या बांधावरून धडाधड फटाके सुटले. आकाशात लाल-हिरवी झाडं फुटायला लागली. संपेचनात. मी चमकून ह्यांच्याकडं बघितलं. हे कृतकृत्य चेहऱ्यानं वर बघत होते.

"सरप्राइज," हे म्हणाले. "काकाकडून."

"कितीला?"

"अगं, आजच्या दिवशी तरी..."

मंडपात वाचलेल्या पैशांपैकी बरेच त्या आभाळात गेले, हे मला नंतर कळलं. भाव केला होता का, हे मी विचारलंही नाही.

पंगती उठत होत्या तेव्हा भाऊजी पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होते. कुणीतरी मंडपाचा खर्च विचारला. भाऊजींनी कमी झालेला आकडा सांगितला, आणि आवाज वाढवून पुढं म्हणाले, "लई सांगत हुता. मी म्हणलं, हे बघ, फालतू पडदं-बिडदं नगं आपल्याला. सरळ बोललो. आला खाली."

माझ्या हातात लाडवाचं ताट होतं, ते मी आदळायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढं होणार तोच अक्कांनी दंडाला धरलं. "बोलू दे गं. पाव्हण्यांत कशाला?"

"अक्का, धडधडीत खोटं!"

"त्यास्नी भाव करणं चांगलं असतंय एवढं तरी कळलं," त्या म्हणाल्या आणि ताट माझ्या हातातून घेऊन वाढायला गेल्या. मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

यंदा आम्ही घराचं न्हाणीघर नव्यानं करायला काढलं. फरशीचे भाव ऐकून हे इकडंतिकडं बघत म्हणाले, "वहिनीला घेऊन जाऊया का?" मी हसू दाबून फोन लावला. अक्कांनी अट घातली, "येते. पण त्यानं गाडीतच बसायचं."

हे कबूल झाले. दुकानात अक्कांनी फरशीवर पाणी टाकून पाय घासून बघितला, कडा तपासल्या, मग भावाला बसल्या. दुकानदार हळूहळू खाली येत होता. त्यानं कॅल्क्युलेटर जवळ ओढला, आकडे मारले, कपाळ खाजवलं, अजून एकदा मारले. तो आता शेवटचा भाव बोलणार, हे मलासुद्धा कळत होतं.

तेवढ्यात दार ढकलून हे आत आले. उन्हानं लाल झालेले, हातात मोबाईल.

"झालं का नाही अजून? चांगली आहे की फरशी. रेट पण ठीक आहे," असं म्हणून ह्यांनी दुकानदाराला विचारलं, "स्कॅन कुठं करायचं?"

दुकानदारानं कॅल्क्युलेटर बाजूला सारला आणि प्रसन्न हसून ह्यांच्यापुढं स्कॅनची पाटी केली. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.