कूलरसमोरचे पिंजरे

काशिनाथ सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. फोनवर त्यांची मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, अप्पा झोपेतच गेले..." आणि मी विचारलं, "जेवले होते का?" महिना झाला, त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते अंबाजोगाईत मेडिकलच्या पोरांना औषधशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन होते. मेंदूचे पातळ काप करायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी मोजायच्या, हे माझं काम. सर चौसाळ्याच्या कापड दुकानदाराचे चिरंजीव. त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला, एका सकाळीत बोलणं गेलं, आणि तेव्हापासून या माणसाला एकाच प्रश्नानं झपाटलं. रक्त थांबलं की मेंदूच्या सगळ्याच पेशी लगेच मरत नाहीत, काही मरायच्या वाटेवर असतात. त्यांना धरून ठेवता येईल का? "ताई, पेशीच्या आतच एक एन्झाइम असतं, कात्रीसारखं. एरवी गप पडून असतं. रक्त थांबलं की घरचंच कापड कापत सुटतं. ती कात्री औषधानं धरायची, बस!" दुकानदाराच्या घरचा दाखला तो, मला लगेच कळला.

ते औषध परदेशी. परवान्यांपायी पत्रं लिहून लिहून सर थकले होते. मग बाजार खुला झाला आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं ते बर्फातल्या थर्मासमधून एसटीनं धाडलं. पिंजऱ्यांची देखभाल करणारे आमचे बाबूराव तो थर्मास छातीशी धरून स्टँडवरून चालत आले. भर उन्हाळ्यात काम सुरू झालं. उंदरांच्या मेंदूचं रक्त थोडा वेळ थांबवायचं, मग निम्म्यांना औषधाची सुई, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. मी काप पाहिले तर औषधवाल्यांच्या पेशी ओळीनं जिवंत! सरांनी हैदराबादच्या परिषदेला निबंध धाडला आणि सगळ्यांना पेढे वाटले.

पुढे बाबूराव नवस फेडायला नारायणगडला गेले आणि आठवडाभर पिंजरे मी सांभाळले. त्या आठवड्याचे काप पाहिले तर... औषधवाल्यांच्या पेशीही बऱ्याच मेलेल्या. मीच घोळ घातला असं धरून सर माझ्यावर खेकसले, मीही ऐकून घेतलं नाही. बाबूराव परतल्यावर उलगडा झाला. "औषदाची सुई टोचलेल्यान्ला मी कूलरम्होरं ठेवीत होतो की, सर. आजाऱ्याला वारा नको व्हय? वार्डात वीस वर्सं तेच केलं." गारव्यात मेंदूच्या पेशी उशिरा मरतात, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. मग आमच्या पेशी औषधानं वाचल्या की कूलरनं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

शेजारच्या विभागातले त्यांचे दोस्त म्हणाले, "कुणाला कळतंय बे? जा, वाच निबंध."

"मला कळलंय की बे," सर म्हणाले.

आणि खरंच, या माणसानं हैदराबादच्या व्यासपीठावर निबंध बाजूला ठेवून आमच्या कूलरची गोष्ट सांगितली. लोक हसले म्हणे. पण सर परत आले ते सगळं पहिल्यापासून करायचं ठरवूनच. बाबूरावांना एका शब्दानं बोलले नाहीत. उलट प्रत्येक उंदराचं तापमान मोजून लिहायचं काम त्यांनाच दिलं, आणि बाबूरावांनी ते देवपूजेसारखं केलं. कापांची कोणती काच कोणत्या उंदराची हे मला कळू नये म्हणून सरांनी खुणांवर चिकटपट्ट्या लावल्या. माझी मोजणी संपली त्या दिवशी आम्ही तिघं एकेक पट्टी सोलत बसलो. सर खूण वाचायचे, मी आकडा सांगायची. फरक पहिल्याएवढा मोठा नव्हता. पण होता!

"म्हंजी वारा न्हाई, औषदच?" बाबूरावांनी विचारलं.

"औषधच, बाबूराव!" सरांनी त्यांना मिठी मारली आणि दोघं खोलीभर नाचले. मी रडले, आनंदानं, अगदी भरपूर.

त्या औषधाची गोळी काही दुकानात आली नाही. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांबची असते, आणि सरांच्या आईसाठी तर ती केव्हाच संपली होती. तरी मला हार वाटत नाही. मरायच्या वाटेवरची पेशी धरता येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि कुणालाही न फसवता पाहिलं होतं. आयुष्यात एवढं खणखणीत जिंकणं किती जणांच्या वाट्याला येतं?

मागच्या आठवड्यात कॉलेजातल्या आमच्या त्या पिंजऱ्यांच्या खोलीत गेले. आताच्या टेक्निशियन बाई प्रत्येक पिंजरा उचलून एकेक जागा पुढे सरकवत होत्या, शेवटचा पहिल्या जागी.

"रोज करता?" मी विचारलं.

"रोज सकाळी. सगळ्यान्ला सगळ्या जागा मिळाल्या पायजेत. न्हाई सरकवलं तर त्या दिवसाचं काम धरत न्हाईत."

"कावून?"

"ठाऊक न्हाई, बाई. कुण्या जुन्या सरांनी लावून दिलेली रीत हाय म्हणं."

मी सांगायला तोंड उघडलं... मग पदर खोचला, आधी उरलेले पिंजरे त्यांच्यासोबत सरकवले, आणि त्यानंतर त्यांना सरांचं नाव सांगितलं.