टायरवरची खडूची रेघ

धारूरला नगरपालिकेचा जो माणूस बेवारस गाड्या उचलायचा, त्याच्या कानामागं कायम खडू असायचा. पडून राहिलेली गाडी दिसली की तो आधी बॉनेटवर टकटक करायचा, “काय पाव्हणं, मुक्काम का?” मग टायरवरून खाली रस्त्यापर्यंत रेघ ओढायचा. आठवड्यानंही रेघ जुळलेलीच दिसली, म्हणजे गाडी हललेली नाही. ती उचलायची. “कायदा म्हंजे कायदा.”

दुष्काळात गुरं छावणीला गेली, दूध संस्था बंद पडली आणि तिचा टेम्पो माझ्या फाटकासमोर तसाच राहिला. पाण्याच्या टँकरची वाट बघत बायका घागरी घेऊन त्याच्या सावलीत बसायच्या. गल्लीत दुसरी सावली नव्हती. तरी तक्रारीचा अर्ज मीच दिला होता. त्यांच्या गप्पांनी माझी दुपारची झोप मोडायची, एवढंच कारण. आजवर हे कुणाला सांगितलं नाही.

खडूवाला येऊन टेम्पोच्या टायरवर रेघ ओढून गेला, आठवड्यानं परत आला. रेघ जुळलेलीच होती. शेजारच्या मामी कडाडल्या, “कावून नेतो रे? कुण्या मुडद्यानं तक्रार केली?”

त्यानं अर्ज काढला, लांब धरला, जवळ धरला. “चष्मा घरी राहिला, मामी. नाव दिसंना. पर कायदा म्हणतो, गाडी हलली पायजे. किती हलली पायजे, ते काय म्हणत न्हाई.” मग शांतपणे माझ्याकडं वळला. “सर, या की. धक्क्याला गडीमाणूस लागतंय.”

बायका हसत उठल्या. टेम्पो वीतभर सरकला. सगळ्यात जास्त जोर मीच लावला.