सहाव्या गाठीवर थांबलेलं विमान

प्रिय अनू आणि ईशान,

तुमची आजी भूगोल शिकवायची. भुताखेतांच्या गोष्टी रंगवणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलं आहे. तरीही हे लिहितेय... अजून तितकंच नवल वाटतं म्हणून!

१९७२, दुष्काळाचं साल. आम्ही भिंगारला राहायचो. माझे धाकटे दीर, तुमचे विनूआजोबा, मुंबईहून विमानाने लंडनला शिकायला निघाले. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत. खिडक्यांतून धूळ येत होती आणि मी नुसती बघत होते! त्यात सासूबाईंनी जाहीर केलं, "विनू पोचेपर्यंत मी जेवणार नाही." सत्तरीच्या बाई, मधुमेह असलेल्या. आदल्या दिवशी दिरांची एसटी सुटल्यापासून पोटात नुसता चहा. सकाळी त्यांना भोवळ आली, तेव्हा मी घाबरले.

मी शाळेतला पृथ्वीगोल आणला होता. दिरांनी सांगितल्याप्रमाणे तुर्कस्तानावरून वळवत मुंबई ते लंडन दोरा ताणला. साधारण साडेचार हजार मैल. ताशी पाचशे धरले, तर नऊ तास. दोऱ्याला नऊ गाठी मारून तो आईंच्या हातात दिला.

"विमान सातला सुटलंय. तासाला एक गाठ सरकवा. चारला नववी, की लगेच जेवायचं. कबूल?"

"कबूल."

"अख्ख्या जगाचं पंचांग मांडलंस की!" हे हसले.

एकपर्यंत सगळं वेळेवर. दोन वाजले, तरी आईंचा अंगठा सहाव्या गाठीवरच.

"आई, सातवी."

"जाईना गं पुढे. खाली उतरलाय तो."

"अहो, मधे कुठे थांबतच नाही ते विमान!"

चारला मी पान वाढलं. "पोचले ते. उठा आता."

"तुझ्या हिशेबाने पोचला. माझा नाही पोचला."

हे चिडले, मला रडू फुटायचं बाकी होतं. साडेचारला अंगठा आपसूक सातव्या गाठीवर गेला. साडेसहाला नववी.

"आता केर काढ," आई म्हणाल्या, "आणि वाढ मला."

पंधरा दिवसांनी दिरांचं पत्र आलं. निघाल्यावर सहा तासांनी एका प्रवाशाच्या छातीत कळ आली, म्हणून विमान इस्तंबूलला उतरवलं. अडीच तास तिथेच!

मी धावत शाळेत गेले, पृथ्वीगोलावर दोरा लावला. सहावी गाठ — इस्तंबूल! आणि माझे चार, आईंचे साडेसहा... फरक अडीच तासांचा! मी तडक घरी आले.

"आई, तुम्हाला कळलं कसं?"

"कळायचंय काय त्यात? गाठ सरकत नव्हती."

योगायोग म्हणून खूप पाहिलं, मनाला पटत नाही. तुम्ही प्रवासाला निघालात की, शिकवलंत तसा मोबाईलवर विमानाचा ठिपका बघते खरी, पण दुसऱ्या हातात तोच दोरा असतो. आणि तुम्ही पोचल्याचा फोन येईपर्यंत या टापटिपीच्या आजीच्या घरात केर तसाच पडलेला असतो.