ढोलाचं पान

बालवाडीच्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. संध्याकाळी घरी येऊन पर्स उघडली, की खडूच्या तुकड्यांसोबत एखादा निघतोच.

अकोल्यातल्या आमच्या बालवाडीत वाद्यं नाहीत. वाद्यांच्या चित्रांचं एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आहे. खेळ सोपा आहे. पान उघडलं की पोरांनी त्या वाद्याचा आवाज तोंडानं काढायचा, पान उलटलं की गप्प.

* * *

तंबोऱ्याचं पान निघालं. खालचा गोल भाग भोपळ्याचा असतो, असं मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. वर्गातल्या परीच्या घरी भाजीचा मळा. तिनं चित्र नीट निरखलं.

“बाई, हा जून झाला. आता कोनी घेत नाही याले.”

* * *

एकदा ढोलाचं पान उघडलं आणि माझा फोन वाजला. पुस्तक तसंच उघडं ठेवून मी बाहेर गेले. परत येते तर अख्ख्या वर्गाचा ढोल झालेला आणि मोठ्या मॅडम दारात! हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. परीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

“बाईनं पानच नाही उलटवलं.”

एकटा ओम तेवढा कोपऱ्यात कान दाबून बसला होता.

* * *

खऱ्या ढोलाला तर ओम फारच घाबरायचा. लग्नात ढोल सुरू झाला, की त्याची आई त्याला उचलून मंडपापासून लांब जायची. आता हिवरखेडला तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं.

“बाई, याही लग्नात मी बाहेरच उभी राहू काय?”

तिचे डोळे भरले, मलाही वाईट वाटलं. मी पुस्तक घरी दिलं आणि पान ओमलाच उलटू द्या म्हणून सांगितलं.

आठवड्यानं ती हसत आली. ओम आजोबांना ढोल व्हायला लावतो आणि मनात आलं की पान उलटतो. सासरे जन्मात पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून गप्प बसले म्हणे!

* * *

लग्नाला मीही गेले. वरात दाराशी आली, ढोल दणाणला आणि ओम आईचा हात सोडून थेट पुढे गेला. त्यानं ढोलवाल्यासमोर पुस्तक उंच धरलं आणि पान उलटलं.

पोरगं काय दाखवतंय ते बघायला ढोलवाला थांबला. तो थांबला तसा सगळा बॅन्ड थांबला. घोड्यावरचा नवरदेव वाकून बघायला लागला.

ओमचे हात कानावर नव्हते. दोन्ही हातांत पुस्तक होतं. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथंच एका खुर्चीवर बसले.

त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ढोलाचं पान पुन्हा उघडलं.

“हं, वाजवा आता.”