पाटाचा आवाज

माणूस किती वर गेला हे सारं जग पाहतं. पण त्याआधी तो किती खाली गेला होता हे पाहणारा डोळा विरळाच.

हे वाक्य माझं नाही. पंचवटीतल्या एका व्यायामशाळेच्या अध्यक्षांनी महिला विभागाच्या उद्घाटनाला ते उच्चारलं आणि टाळ्यांसाठी जागा सोडून ते थांबले. टाळ्या पडल्या. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता आणि प्रत्येक संस्थेला आपला एक महिला विभाग असावा असं वाटू लागलं होतं. बँकेला होता, ग्राहक भांडाराला होता. मग व्यायामशाळेनंच काय घोडं मारलं होतं? दुपारी चार ते पाच ही वेळ स्त्रियांना देण्यात आली, कारण त्या वेळी पुरुष तिथे फिरकत नसत. फीत कापताना आम्ही बऱ्याचजणी होतो. संक्रांतीपर्यंत तिघी उरलो आणि शिमग्यानंतर मी एकटी. अध्यक्षांच्या अहवालात विभाग जोमाने चालू होता.

मी एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर होते. तिशी ओलांडली होती. लहानपणी विषमज्वर झाला होता, त्यातून उठले ती ‘नाजूक’ हे विशेषण घेऊनच. तेव्हापासून पाण्याची बादली दुसऱ्या कुणीतरी उचलायची. शाळेत कवायतीच्या तासाला मला सावलीत बसवत. भाकरी वाकडी झाली तरी “छान झालीय”, गाणं बेसूर झालं तरी “गोड आहे गळा”. कुणी मला कधी नाही म्हटलं नाही. ऐकणाऱ्याला हे सुख वाटेल. पण आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे अशा घरात राहून कळत नाही.

व्यायामशाळेत मास्तर होते. सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, बाकीचा वेळ इथे. पन्नाशीचे, रुंद, आणि बायकांशी बोलताना जमिनीकडे पाहणारे. त्यांनी एकदा पॉवरलिफ्टिंगच्या नियमांचा सायक्लोस्टाइल कागद आणला. त्यात वजनाच्या बैठकीबद्दल, म्हणजे स्क्वॉटबद्दल, लिहिलं होतं: खांद्यांवर बार घेऊन खाली बसताना मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली गेला पाहिजे. गेला तर पांढरा झेंडा, नाही गेला तर लाल. तीन पंच.

मी तो कागद दोनदा वाचला. पुस्तकांची परीक्षणं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली होती, आणि पुस्तक चांगलं की वाईट हे शेवटपर्यंत कळू न देण्याची कला त्या परीक्षणांत पूर्णत्वाला पोहोचलेली होती. इथे सांधा गुडघ्याखाली जातो किंवा जात नाही. मला हे फार आवडलं.

“मास्तर, मला हे शिकवा,” मी म्हटलं.

“शिकवतो की,” मास्तर जमिनीला म्हणाले.

अडचण लगेच आली. एकटी बाई आणि एकटे मास्तर, म्हणून दार सताड उघडं ठेवायचं आणि दारात मास्तरांच्या पत्नीने बसायचं असं ठरलं. त्यांना मी वहिनी म्हणायची. वहिनी सूप भरून तांदूळ घेऊन यायच्या आणि रस्त्याकडे तोंड करून निवडत बसायच्या, कारण रस्त्यावर जास्त घडत असे. मास्तर मारुतीच्या तसबिरीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून उभे राहत. सलवार-कमीज असली तरी बाई खाली बसत असताना तिच्याकडे पाहायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो सायक्लोस्टाइल कागदाहून जुना होता.

असं पाठमोरं शिकवणं अवघड असेल असं मला वाटलं होतं. पण कानाने त्यांना पुष्कळ कळे.

“श्वास सोडलात, ताई. वर आल्यावर सोडायचा. आधी छातीत भरून कोंडायचा.”

“टाच उचलली.”

टाच माझी कायम उचलायची. भावांच्या जोर-बैठका लहानपणापासून पाहिलेल्या, आणि त्या बैठकीत टाचा उचलून चवड्यांवरच जायचं असतं. बार खांद्यावर असताना तसं केलं की माणूस मारुतीच्या पायाशी तोंडावर पडतो. मास्तरांनी टाचांखाली एक फळी सरकवली. फळी करकरली नाही म्हणजे टाच खाली आहे. पावलं खांद्यांएवढी फाकवायची, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, बार मानेवर नाही तर पाठीच्या वरच्या मांसावर ठेवायचा. माझ्या पाठीला मांस नव्हतं, म्हणून बारला पंचा गुंडाळला.

हे सगळं जमलं. खोली मात्र जमेना. एका ठिकाणी आलं की शरीर थांबायचं आणि आपण पुरेसे खाली आलो आहोत असं मनापासून सांगायचं. घरच्यांसारखंच.

“आलं का खाली?” मी विचारायची.

“आलं असंल,” मास्तर मारुतीकडे पाहत म्हणायचे.

“वहिनी, तुम्ही पाहिलंत?”

“काय गं? ती कोपऱ्यावरची पुन्हा माहेरी चाललीय बघ, बॅग घेऊन.”

शेवटी उपाय घरात सापडला. आमच्याकडे नुकतंच जेवणाचं टेबल आलं होतं आणि सागवानी पाट भिंतीला टेकून बेकार उभे होते. मी ते रिक्षात घालून व्यायामशाळेत नेले. मास्तरांनी दोरीने माझ्या गुडघ्याची जमिनीपासूनची उंची मापायला मला सांगितलं, दोरी पाठीमागे हात करून घेतली, थोडा वेळ हिशेब केला आणि एकावर एक चार पाट ठेवायचे असं सांगितलं. चारावर टेकलात तर सांधा खाली. सुरुवात सहांपासून.

“टेकायचं, बसायचं नाही. बसलात तर उठवायला मला वळावं लागंल.”

मग रोज तेच. बार घ्यायचा, दोन पावलं मागे यायचं, श्वास भरायचा, खाली जायचं. पाटांवर टेकलं की टक् असा आवाज व्हायचा, कारण सगळ्यात वरचा पाट जरा डुगडुगत होता. आवाज झाला की मास्तर मारुतीला मान हलवून दाखवत. सहा पाटांवर आठवड्यात जमलं. पाचावर यायला उन्हाळा गेला. चारावर पावसाळा निम्मा झाला तरी एक दिवस टक् व्हायचं आणि चार दिवस नाही. पण आवाज खोटं बोलत नव्हता. मी खूष होते.

दिवाळीनंतर जिल्ह्याच्या स्पर्धा नाशिकरोडच्या एका शाळेच्या सभागृहात होत्या, आणि त्यात पहिल्यांदाच महिला गट होता. मास्तरांनी माझं नाव दिलं. अर्थात तिथे पाट नव्हते. पण पंच होते, तिघे, आणि माझ्या दृष्टीने सगळं त्यांच्यासाठीच चाललं होतं. कुणीतरी परक्या, रागीट माणसाने खाली वाकून पाहावं आणि हो किंवा नाही म्हणावं. लाल झेंडा आला असता तरी मी तो घरी नेऊन दाखवला असता.

स्पर्धा नऊला होती, म्हणजे साडेअकराला सुरू झाली. दीपप्रज्वलनाच्या समईत तेल घालायचं राहिलं होतं. चार भाषणं झाली, त्यांपैकी तीन स्त्रीशक्तीवर. मातृशक्तीचा मान म्हणून महिला गट आधी घेतला. आम्ही दोघीच होतो. दुसरी विंचूरची, शाळेत पी.टी. शिकवणारी, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, एसटीने पहाटे निघून आलेली. आयोजकांनी बैठक घेऊन आमच्यासाठी ‘सभ्य पोशाख’ ठरवला होता: पोटरीपर्यंत कमीज, घेरदार सलवार, ओढणी आडवी बांधलेली. नियमातला तो सांधा त्या कापडात कुठे होता हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

प्रत्येकीला तीन उचली होत्या आणि पहिल्या फेरीत विंचूरची आधी गेली. माझ्या पहिल्या उचलीला चाळीस किलो होते. खाली गेले, कान टक् कडे लावून. टक् झालं नाही, होणारच नव्हतं. वाटलं तिथपर्यंत गेले आणि उठले. तीन पांढरे झेंडे.

बाकावर येऊन बसले, तर विंचूरची माझ्याजवळ सरकली.

“ताई, एक सांगू? रागवू नका. तुमच्याकडं कोणी बघतच नव्हतं.”

“म्हणजे?”

“डावीकडचे पंच वर पंख्याकडं बघत होते. उजवीकडचे घड्याळाला चावी देत होते. अन् मधले, ते पार बॅनर वाचत होते. दोन पोरं बार धरायला हायेत ना, त्यांनी तर डोळेच मिटले.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी माझी पहिली मुद्दाम अर्धीच मारली. बघावं म्हटलं. तीन पांढरे!” ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. “लय सभ्य माणसं हायेत.”

मी पंचांकडे पाहिलं. तिघेही वयस्क, इस्त्रीचे पांढरे सदरे घातलेले, कुठल्या कुठल्या शाळांमधून निवृत्त झालेले. मी पाहते आहे असं दिसताच तिघांनीही अदबीने नजर वळवली.

दुसऱ्या उचलीला मी लक्ष ठेवलं. खाली जाताना समोरचे पंच बॅनरवरच्या देणगीदारांच्या नावांपाशी पोहोचले होते. पुन्हा तीन पांढरे. घरी येऊन भाकरी वाकडी थापावी आणि ‘छान झालीय’ ऐकावं, तसंच वाटलं.

“तुम्ही बघाल का?” मी विंचूरच्या बाईंना विचारलं. “तिसऱ्या वेळी. सरळ सांगा, आलं की नाही आलं.”

“सरळच सांगंन. मला गोड बोलता येत नाय, त्याच्यावरनं सासरी रोज ऐकून घेते.”

तिसऱ्या वेळी पन्नास किलो होते. मी बारखाली गेले तशी ती उठली आणि उचलीसाठी मांडलेल्या फळ्यांच्या कडेला येऊन उकिडवी बसली, डोळे माझ्या गुडघ्याच्या रेषेत आणून. सभागृहात चुळबुळ झाली. माइकवरचे गृहस्थ घाईने म्हणाले, “बाई, अहो बाई, बाजूला व्हा. पंचांना दिसत नाहीये.”

“काय दिसत नाय त्यांना?” तिने बसल्या जागेवरून विचारलं.

डावीकडचे पंच पंख्याकडे अधिकच लक्षपूर्वक पाहू लागले.

मी बार उचलला. दोन पावलं मागे. श्वास छातीत भरून कोंडला. खाली जाताना ती नेहमीची जागा आली, जिथे शरीर म्हणतं, पुरे. तिथून आणखी थोडी खाली गेले. मांड्या थरथरायला लागल्या, टाचा जमिनीवर होत्या, आणि बाजूला एक माणूस खरोखरच पाहत होता. मग उठले. मध्ये कुठेतरी बार थांबला, थांबून राहिला आणि मग वर आला. माझे गुडघे सरळ होण्याआधीच तीन पांढरे झेंडे वर झालेले होते. टाळ्या पडल्या.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने उजव्या हाताचं एक बोट आडवं धरलं.

“एवढं राहिलं, ताई,” ती म्हणाली. “बोटभर.”

“नक्की?”

“नक्की. पहिल्या दोन तर लय वर होत्या. ही बोटभर.”

मी बाकावर बसले. रडू येईल असं तिला वाटलं असावं, कारण तिने पिशवीतून लाडवाचा डबा काढला. मला रडू अजिबात येत नव्हतं. लहानपणापासून ज्याची वाट पाहिली होती ते आलं होतं आणि ते एका बोटाचं होतं. एका बोटाचं काहीतरी करता येतं. मग मी तिच्या तिसऱ्या उचलीला तशीच उकिडवी बसले. ती पूर्ण खाली गेली, अंगठाभर जास्तच, आणि मी तिला तसं सांगितलं. तिलाही ते तोवर माहीत नव्हतं. पंचांनी आम्हा दोघींना सारखेच झेंडे दिले होते.

परत येताना सिटी बसमध्ये मास्तर पुढच्या सीटवर होते. द्वारका चौक गेल्यावर त्यांनी मागे न वळता विचारलं, “पाट वाजला असता का, ताई?”

“नसता. बोटभर वर राहिले.”

“झेंडे तर पांढरे होते.”

“ते पाहत नव्हते, मास्तर.”

“हां,” मास्तर म्हणाले. “आवाजाची सवय लागली तुम्हाला. त्यात माझी चूक आहे. कुणीतरी बघाय पाहिजे.”

सोमवारी पाट भिंतीशी लावून ठेवलेले होते. मास्तर मारुतीकडे तोंड करून उभे राहिले, तेवढा बदल त्यांना पेलणार नव्हता. पण दारात वहिनी रस्त्याकडे पाठ करून आत तोंड करून बसल्या होत्या, सूप मांडीवर घेऊन.

“मला काय कळतंय यातलं?” त्या म्हणाल्या.

“गुडघा बघायचा आणि मांडीचा सांधा बघायचा,” मास्तरांनी भिंतीला सांगितलं. “कुठला खाली ते सांगायचं. कौतुक करायचं नाही.”

वहिनींना ते काम लागलीच आवडलं. “नाही” हा शब्द त्या इतक्या चवीने म्हणायच्या की मला वाटतं, घरात त्यांना तो म्हणायला फारसा मिळत नसावा. “नाही. नाही गं. कुठं चाललीस वर, अजून खाली बघ किती जागा आहे.” आठवडे गेले. थंडीत गुडघे आखडायचे, मग आधी रिकाम्या हाताने बैठका मारायची. गुडघे बाहेर ढकलले की मध्ये जागा होते आणि सांधा त्या जागेत उतरतो, हे मला तेव्हा कळलं. मास्तर ते वर्षभर सांगत होते.

जानेवारीत एका दुपारी पन्नास किलो घेऊन मी खाली गेले. खालीच क्षणभर थांबले आणि उठले. काही वाजलं नाही. वहिनी तांदूळ निवडायचे तसेच सोडून, सुपावर ओणवून, मान तिरकी करून पाहत होत्या.

“गेलीस,” त्या म्हणाल्या.

“नक्की?”

“अगं गेलीस म्हटलं ना. चांगली खाली गेलीस. पुन्हा जा, मी बघते.”

मी पुन्हा गेले. त्यांनी पुन्हा पाहिलं. त्या दिवशी मी पाच वेळा गेले आणि त्यांनी पाचही वेळा नीट पाहिलं.

जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र घरी चौकटीत लावलेलं आहे. तिन्ही उचली नियमाप्रमाणे वैध असल्याचं त्यावर छापलंय, खाली तीन पंचांच्या सह्या आहेत. जानेवारीतल्या उचलीची कुठे नोंद नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर एवढंच म्हणाले की रात्री भातात खडे होते.