डुकरांचा अंमलदार

अझराया पेटिंगिल नगरसेवक झाला, तेव्हापासून त्याची तारीफ करणारे आमच्या ब्रॅमहॉल बंदरात भूछत्रांसारखे उगवलेत. 'मी त्याला पहिल्यापासून मानत होतो,' असं जो तो सांगतो. कोण किती मानत होतं ते मला विचारा. त्याच्या दुकानासमोर माझं बायकांच्या टोप्यांचं दुकान आहे. शिवाय गावसभेत बायकांना बसायला वर जो सज्जा आहे, तिथून खाली कोण किती दात काढून हसलं ते मला स्वच्छ दिसलं होतं.

अझराया मीठ, काकवी, दोरखंड आणि खारवलेला कॉड मासा विकायचा. माणूस सरळ, पण हट्टी. पन्नाशी उलटेपर्यंत त्याने लग्न केलं नाही, आणि केलं ते ओनोरा डुगनशी. ओनोरा म्हणजे खाडीकडच्या गल्लीत राहून लोकांची धुणी धुणारी आयरिश विधवा, त्यातून आमच्या प्रॉटेस्टंट गावात कॅथलिक. गावाच्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. ज्याचं त्या वर्षी लग्न झालं असेल, त्याला मार्चच्या गावसभेत डुकरांचा अंमलदार निवडायचं. मोकाट डुकरं धरून कोंडवाड्यात घालायची, हे त्याचं काम. ते करायचं मात्र कुणीच नाही. सगळे हसायचे, नवरदेव लाजायचा, शपथ घ्यायचा, सगळ्यांना सफरचंदाची दारू पाजायचा आणि विषय संपायचा.

त्या वर्षी अझरायाचं नाव गिरणीमालक लेम्युएल थॅक्स्टरने पुकारलं. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"याला शिकवायला नको काही," तो म्हणाला. "बायकोच डुकरांच्या गल्लीतून आणलीय. कशी हाकायची ते ती सांगेल की घरी!"

सभा खो खो हसली. अझराया उठला. तो लाजलाही नाही आणि चिडलाही नाही. बायबलावर हात ठेवून त्याने शपथेचा शब्दन् शब्द सावकाश म्हटला आणि टोपी घालून घरी गेला. दारूचा थेंबही कुणाला मिळाला नाही.

इथेच गाव फसलं. थट्टेत का होईना, निवड खरी होती, शपथ खरी होती आणि कायदाही खरा होता. जमीन उकरू नये म्हणून नाकात घालतात ती कडी नसलेलं डुक्कर रस्त्यावर दिसलं की कोंडवाड्यात. आणि गावात सगळ्यात जास्त मोकाट डुकरं कुणाची, तर थॅक्स्टरची. गिरणीमागून सुटायची ती थेट खाडीच्या गल्लीत. तिथली विहीर घाण करायची, वाळत घातलेली धुणी तुडवायची. डुकरं साहेबाची आणि बदनाम गल्ली!

दुसऱ्या दिवशी सकाळी अझराया आणि ओनोराने थॅक्स्टरची आणि इतरांचीही मोकाट डुकरं भर पेठेतून, चर्चच्या दारावरून हाकत नेली. अझराया पुढे, ओनोरा धुण्याचं दांडकं घेऊन मागे. दुपारी खुद्द थॅक्स्टर कोंडवाड्यावर आला. मी टोपी अर्धवट टाकून बघायला गेले होते.

"कुलूप काढ, अझराया. थट्टा पुरे झाली."

"कुणाची आहेत ही डुकरं?"

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत असून चालत नाही. मालकाने आत यायचं, आपली ओळखून दाखवायची, दंड भरायचा आणि घेऊन जायची. कायदा तुमच्या वडिलांनीच केलाय."

थॅक्स्टर चकचकीत बुटांनी त्या चिखलात उतरला. डुकरं सगळी सारखीच माखलेली. तो एकाकडे बोट दाखवी आणि भलतंच पुढे येई. ओनोरा कुंपणाला टेकून म्हणाली, "साहेब, तोंडावरून नाही कळायचं. मागून बघा, हाकणाऱ्याला तेच दिसतं."

त्या दिवशीही गाव हसलं, पण वेगळ्या दिशेला तोंड करून.

थॅक्स्टरने ते विसरायचं ठरवलं नव्हतं. त्याने गिरणीत सांगून टाकलं, जो पेटिंगिलच्या दुकानात पाय ठेवेल त्याने गिरणीत ठेवायचा नाही. निम्मं गाव त्या गिरणीवर जगत होतं. पानगळ होईपर्यंत अझरायाने अर्धं दुकान फळ्या लावून बंद केलं. मग निरोप आला, अंमलदारकी सोड, गिऱ्हाईक परत येईल.

मी तेव्हा दुकानात मीठ घेत होते. ओनोरा म्हणाली, "अहो, सोडून द्या ना. मला बोलणी खायची सवय आहे."

"तीच मोडायचीय मला," अझराया म्हणाला आणि काठी उचलून डुकरांमागे निघाला.

हिवाळ्यात उरलेलं दुकानही बंद पडलं आणि पुढच्या मार्चची सभा आली. त्या हिवाळ्यात लग्न झालेला एकच जण होता आणि तो थॅक्स्टरचा थोरला मुलगा. लोहाराने त्याचं नाव पुकारलं. सभा हसायला लागणार, तोच थॅक्स्टर ताडकन उभा राहिला.

"ही रीत रानटी आहे! चांगल्या घरातल्या मुलाने डुकरं हाकायची? आजपासून बंद करा."

अझराया उठला. "माझ्या लग्नाला ती रीत होती. तुमच्या घरच्या लग्नाला रानटी झाली होय?"

"दुकान बुडालं तरी खुमखुमी आहेच का?"

"दुकान बुडालं, थॅक्स्टर. मी नाही बुडालो." मग तो सभेकडे वळला. "पोराला सोडा. त्याची नवी नवरी वर बसलीय, तिचं हसं कशाला करायचं? काम मलाच द्या. पण या वेळी खरंखुरं द्या. माझ्या बायकोला ज्याला हसायचं असेल, त्याने हात वर करू नये."

मग लोहाराचा हात वर गेला. पाठोपाठ कोळ्यांचे गेले. आणि मग गिरणीतले लोक, मालकाच्या डोळ्यांदेखत, एकेक करून हात वर करू लागले. उद्या कामावर घेतील की नाही याची खात्री नसलेली माणसं ती! पुढे गावाचं शहर झाल्यावर याच हातांनी त्याला नगरसेवक केलं. त्या दिवशी सभेत माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याची मला काडीची लाज नाही.

ओनोरा सज्जाच्या दारात उभी होती. पुढच्या बाकावरच्या बायका, रेशमी टोप्यांच्या, रस्त्यात तिच्याकडे पाठ करणाऱ्या, झग्यांचे घेर आवरून सरकल्या. मी तिची बाही ओढली.

"ये गं ओनोरा, बस. जागा झालीय."

"मी उभीच बरी," ती म्हणाली. "इथून सगळ्यांची तोंडं दिसतात."